बायबलमधल्या रोमकरांस पत्रात ख्रिस्ती प्रेषित पौलाने शिफारस केलेली फीबी कोण होती? पत्र रोमला तिनेच नेले का?

फीबी ही ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या पूर्वेकडच्या किंख्रिया बंदरातल्या ख्रिस्ती मंडळीची सेविका होती, आणि पौलाचे पत्र रोमला बहुधा तिनेच पोहोचवले. तिच्याबद्दल नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, फक्त दोनच ओव्या आहेत: रोमकरांस पत्र, अध्याय 16, ओव्या 1 आणि 2. पण त्यातले दोन ग्रीक शब्द फार मोलाचे आहेत. पहिला ‘डियाकोनोस’, म्हणजे सेवक. हाच शब्द पौल स्वतःसाठी आणि अपुल्लोस या ख्रिस्ती प्रचारकासाठीही वापरतो, त्यामुळे तिला केवळ मदतनीस समजणे मला अन्यायाचे वाटते. दुसरा ‘प्रोस्टाटिस’, म्हणजे आश्रयदाती. ‘तिने पुष्कळांना आणि खुद्द मलाही आधार दिला’, असे पौल सांगतो. म्हणजे तिच्या हाती पैसा आणि समाजात वजन असावे. पुढे जेरुसलेमच्या जैतुनाच्या डोंगरावर 1903 साली सापडलेल्या एका शिलालेखात सोफिया नावाच्या सेविकेला ‘दुसरी फीबी’ म्हटले आहे, इतकी तिची आठवण टिकली होती. मात्र पत्र तिने नेले असे पौल कुठेही स्पष्ट लिहीत नाही. ‘तिचे स्वागत करा, लागेल ती मदत करा’ या विनंतीवरून अभ्यासकांनी तो निष्कर्ष काढला आहे.