पहिल्यांदा 'सवाई'ला जातोयस? मग हे वाच

'सवाई' म्हणजे पुण्यातला शास्त्रीय संगीताचा 'सवाई गंधर्व भीमसेन महोत्सव'. सीझन तिकीट काढलंस, छान. पण खुर्चीच्या भानगडीत पडू नकोस. पहिल्या वर्षी भारतीय बैठकच घे. खाली बसलं की शेजारचे जाणते आजोबा मांडीवर ताल धरतात, तो बघूनच अर्धं शिक्षण होतं. विलंबित (संथ लयीतल्या) एकतालाचं, म्हणजे बारा मात्रांच्या तालाचं, एक आवर्तन (पूर्ण फेरी) कधीकधी जवळजवळ मिनिटभर चालतं. कंटाळू नकोस, समेची, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेची, वाट बघ. सम आली की अख्खा मांडव एकदम मान डोलावतो, तेव्हा आपोआप कळेल. मध्येच उठायचं नाही. वडापाव कुठे पळून जात नाही!

थोडा इतिहास माहीत असू दे. किराणा घराण्याचे (गायकीच्या एका परंपरेचे) गायक सवाई गंधर्व 1952 मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या स्मरणार्थ हा उत्सव सुरू झाला. शिष्य भीमसेन जोशींनी तो पुढे अनेक दशकं सांभाळला. गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर हे गुरुबंधू-भगिनीही इथे गायचे. 2011 मध्ये भीमसेनजी गेले आणि त्यांचं नाव महोत्सवाला जोडलं गेलं. पूर्वी मैफल रात्रभर चालायची, पहाटेचे राग पहाटेच ऐकायला मिळत. आवाजाच्या नियमांमुळे ते गेलं. जुने लोक रमणबागेच्या, म्हणजे जुन्या जागेच्या, आठवणी काढून उसासे टाकतील. ऐकून घे, पण आताचं मुकुंदनगरचं मैदानही काही वाईट नाही.

डिसेंबर आहे, शाल आणि कानटोपी विसरू नकोस. शेवटच्या दिवशी सवाई गंधर्वांच्या भैरवीची (मैफलीच्या शेवटी गातात त्या रागाची) ध्वनिमुद्रिका लावतात. ती संपायच्या आधी पार्किंगकडे धावलास, तर माझ्याशी बोलू नकोस.