बायोस अपडेट करताय? आधी एवढं बघा

बायोस म्हणजे मदरबोर्डवरचा, कॉम्प्युटर सुरू करून देणारा प्रोग्रॅम. घाबरू नका, फक्त घाई करू नका. मॉडेल आणि रिव्हिजन (आवृत्ती) मदरबोर्डवरच छापलेलं असतं. फाइल नेमकी त्याचीच, कंपनीच्या साइटवरूनच घ्या. पेन ड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करा. मधेच वीज जाता कामा नये, यूपीएस असेल तर लावाच. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क-कुलूप) चालू असेल तर आधी सस्पेंड, म्हणजे तात्पुरतं बंद, करा.

नवे लोक हमखास अडकतात ते पुढे. अपडेटनंतर बऱ्याचदा सेटिंग्ज डिफॉल्टवर जातात, साटा मोड (डिस्क हाताळायची पद्धत) रेडचा (RAID, अनेक डिस्क एकत्र वापरायची पद्धत) एएचसीआय (AHCI, साधी पद्धत) होतो आणि विंडोज सुरू न होता निळा स्क्रीन येतो. डिस्क बिघडलेली नसते! विंडोज पुन्हा टाकत बसू नका, जुना मोड परत निवडा. म्हणूनच अपडेटआधी बायोसमधल्या साटा मोडच्या पानाचा फोटो काढून ठेवा.

नवीन मशीनवर विंडोज टाकण्याआधीच सरळ एएचसीआय ठेवा. रेडच्या भानगडीत इतक्यात नको.