एका मतानेही आमदारकी मिळते, मग नेते मोठ्या लीडच्या मागे का लागतात?

कायद्याने फरक शून्य. ४८ मतांनी जिंकलेला खासदार (मुंबई उत्तर-पश्चिम, २०२४) आणि लाखांनी जिंकलेला, दोघांचं सभागृहातलं मत एकच. पण लीडचा खरा उपयोग निकालानंतर सुरू होतो.

आमच्या कोल्हापुरातच बघा. २०२४ च्या लोकसभेला शाहू महाराज दीड लाखाहून जास्त मतांनी आले, तर शेजारच्या हातकणंगल्यात धैर्यशील मानेंचा विजय साधारण १३ हजारांचा. खासदार दोघेही झाले, पण काठावरच्या जागेवर विरोधक दुसऱ्या दिवसापासून जोर-बैठका मारायला लागतो. मोठं लीड असलं की समोर उभं राहायलाच कोणी धजत नाही, आणि पक्षालाही तिकीट कापताना दहादा विचार करावा लागतो. मंत्रिपद मागायलाही तोच आकडा पुढे केला जातो.

शिवाय इथलं राजकारण आमदारकीवर थांबत नाही. गोकुळ दूध संघ, जिल्हा बँक, साखर कारखाने यांच्या निवडणुका आहेतच. तिथले ठरावधारक (संस्थेच्या वतीने मत देणारे प्रतिनिधी) आणि गटाचे कार्यकर्ते वारं बघून पाठ फिरवतात. गावनिहाय लीड म्हणजे त्यांच्यासाठी हजेरीपटच! कुठल्या गावाने किती दिलं, यावरून पुढे रस्ता कुणाचा आधी होणार हेही ठरतं (हे कोणी कबूल करणार नाही, पण गावात सगळ्यांना माहीत असतं).

कोर्टाचाही एक मुद्दा आहे. थोडक्या मतांचा निकाल असला की फेरमोजणीची मागणी आणि निवडणूक याचिका मागे लागते. लाखाच्या फरकात दोन-चार बूथांवरच्या तक्रारीने निकाल हलत नाही.