फॉर्म भरण्याआधी मुलाला विचारलंत का?

प्रश्न : मुलगा संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सुट्टी लागल्यापासून पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत सेटिंगची फाइल वाचून तिचा नेस्टेड (यादीच्या आत यादी असलेला) अ‍ॅरे बनवत बसलाय. यासाठी तयार फंक्शन असतं, असं ऑफिसातले लोक सांगतात. मी त्याचं नाव एआयच्या कोर्सला घातलं, तेव्हापासून तो बोलत नाही. त्याला कसं समजवावं? (खाली मुलाच्या अक्षरात : 'तयार फंक्शन ठिपके उलगडत नाही.')

उत्तर : त्याला समजवायचं नंतर बघू. सज्ञान मुलाचा फॉर्म त्याला न विचारता भरलात, आणि आता तो बोलत नाही याचं आश्चर्य वाटतंय? पत्रात मार्कांबद्दल अवाक्षर नाही, म्हणजे अभ्यासाची तक्रार नसावी. 'एआय शिकतोय' हे चारचौघांत सांगायला बरं वाटतं, 'फाइल वाचतोय' सांगताना जीभ अडखळते. ती अडचण तुमची आहे. कोर्समधून नाव काढा, आणि काढलंत हे त्याला स्वतः सांगा.

'तयार फंक्शन आहे, मग वेळ कशाला घालवायचा?' हा गैरसमज मात्र दूर करायला हवा. आयएनआय प्रकारची सेटिंगची फाइल वाचायला पीएचपीत 'पार्स आयएनआय फाइल' (parse_ini_file) हे फंक्शन आहे. दुसरं आर्ग्युमेंट ट्रू दिलं की फाइलीतल्या प्रत्येक सेक्शनचा (विभागाचा) वेगळा अ‍ॅरे मिळतो. पण 'मास्टर.होस्ट' ही की (म्हणजे सेटिंगचं नाव) ठिपक्यासकट सपाटच राहते, 'मास्टर'च्या आत 'होस्ट' अशी पातळी होत नाही. मुलगा बरोबर सांगतोय. शिवाय अवतरणाशिवाय लिहिलेल्या नो, ऑफ, नन यांची रिकामी स्ट्रिंग होते आणि यस, ऑन यांचा '1'. नॉर्वेचा देश-कोड 'एनओ' अवतरणाशिवाय लिहिला, तर देश गायब! टाइप्ड स्कॅनर (किमतीचा प्रकार ओळखणारी वाचनपद्धत) लावला तर तोच नॉर्वे 'फॉल्स' होतो. एरर कुठेच येत नाही. तयार फंक्शन वापरणाऱ्यालाही आत काय चालतं ते माहीत लागतं, ते असं.

आता मुलासाठी. ठिपक्यावर एक्सप्लोड कर, म्हणजे नावाचे तुकडे पाड, आणि प्रत्येक तुकड्यागणिक रेफरन्सने (प्रत न काढता, मूळ जागेकडे बोट दाखवून) एक पातळी खाली उतर. रेफरन्सचं '&' हे चिन्ह लिहायचं विसरलास तर तू प्रतीत लिहीत बसशील आणि मूळ अ‍ॅरे रिकामाच राहील. काम झालं की रेफरन्स अनसेट कर. ओळी हाताने फोडत असशील तर '=' वर फोडताना लिमिट 2 दे, कारण डेटाबेसच्या डीएसएनमध्ये (जोडणीच्या पत्त्यात) '=' पुन्हा येतं. त्यातच ';' पण असतो, म्हणून ';' पुढचं सरसकट कॉमेंट समजून कापू नकोस. पहिलाच सेक्शन सापडत नसेल तर फाइलच्या सुरुवातीला यूटीएफ-8 बीओएमचे (न दिसणाऱ्या खुणेचे) 3 बाइट आहेत का बघ. एकाच फाइलीत 'डेटाबेस' आणि 'डेटाबेस.होस्ट' या दोन्ही कीजना किंमत दिली असेल, तर गुपचूप एक निवडू नकोस. ओळ क्रमांक सांगून थांब.

डीफॉल्ट (मूळ) आणि लोकल (आपल्या मशीनपुरती) सेटिंगची फाइल जोडताना खरी गंमत आहे. 'अ‍ॅरे मर्ज रिकर्सिव्ह' दोन्हीकडचे होस्ट एका अ‍ॅरेत कोंबतं आणि कनेक्शन कोसळतं. 'अ‍ॅरे रिप्लेस रिकर्सिव्ह' वापर, पण याद्यांपाशी सावध : डीफॉल्टमध्ये 3 सर्व्हर आणि लोकलमध्ये 1 असेल, तर जुने 2 तसेच शिल्लक राहतात. यादी आली की ती अख्खी बदलायची, असा नियम तुला स्वतः लिहावा लागेल.

नोकरीत हे हाताने लिहू नकोस, तिथे जेसन (JSON, डेटा लिहायचा रूढ प्रकार) किंवा एखादी रुळलेली लायब्ररी घे. पण हा कोड टेस्टसह गिटवर (कोडच्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीवर) ठेव. मुलाखतीत नॉर्वेची टेस्ट उघडून दाखव. आणि तपासताना प्रिंट-आर नको, व्हार-डंप वापर. प्रिंट-आर फॉल्स, नल आणि रिकामी स्ट्रिंग तिन्ही कोरंच दाखवतं.