सुकाणू मागेच असतं

विट्याच्या एका वाचकांनी विचारलंय: "नव्या महाग गाड्यांत फोर व्हील स्टीअरिंग असतं. त्याला 'चारचाकी सुकाणू' म्हटलं तर चालेल का? आणि 'सुकाणू' हा शब्द 'सुकर्ण'वरून आला, असं ऐकलं. खरं का?"

आधी एक गोष्ट निकालात काढतो, कारण सांगलीत ती रोज कानावर येते. फोर व्हील ड्राइव्ह वेगळं, फोर व्हील स्टीअरिंग वेगळं. पहिल्यात इंजिनाची ताकद चारही चाकांना मिळते. दुसऱ्यात चारही चाकं वळतात. जीप चिखलातून निघाली म्हणून तिची मागची चाकं वळत नाहीत. परवा मार्केट यार्डाबाहेर एक गृहस्थ आपल्या जीपबद्दल हेच ठासून सांगत होते आणि ऐकणारे माना डोलावत होते.

'चारचाकी सुकाणू' तर नकोच. 'चारचाकी' म्हणजे चार चाकं असलेली वस्तू. मग चारचाकी सुकाणू म्हणजे चार चाकं लावलेलं सुकाणू! मराठीत हे काम एकाक्षरी 'ही' करतो. 'चारही चाकांचं वळण' म्हणा. ड्रायव्हर मंडळी 'चारी चाकांचं स्टेरिंग' म्हणतील, तेही मला पूर्ण मान्य आहे.

आता सुकाणू. 'सुकर्ण'वाल्यांचा युक्तिवाद असा की संस्कृतात कर्ण म्हणजे नावेचं सुकाणू, ते धरणारा तो कर्णधार, आणि चांगला कर्ण तो सुकर्ण. कर्णधारापर्यंत सगळं बरोबर आहे. पुढचं मात्र ओढूनताणून आणलेलं आहे. कर्णाचा मराठीत कान होतो, पर्णाचं पान, सुवर्णाचं सोनं, चूर्णाचा चुना. 'र्ण' झिजला की आपल्याकडे 'न' उरतो. त्या वाटेनं आलेल्या शब्दात 'ण' कुठून येणार? उलट अरबीत 'सुक्कान' हा शब्द नेमक्या याच अर्थानं तयार आहे. सुक्कान धरणारा तो सुक्कानी. गोऱ्यांच्या जहाजांवर याच सुक्कानीचा 'सीकनी' झाला, जणू त्यात त्यांचा 'सी', म्हणजे समुद्रच होता. खलाशी हा शब्दही अरबीच. समुद्रावर अरबांशी शेकडो वर्षं व्यवहार असलेल्या किनाऱ्यानं त्यांचा शब्द घेतला, यात कमीपणा कसला? प्रत्येक शब्दाला संस्कृत आजोबा शोधून देणाऱ्यांनी निदान ध्वनींचे नियम तरी पाहावेत.

इंग्रजी 'स्टीअर'चं मूळही नावेतच आहे. जुन्या नावांना सुकाणूचं वल्हं उजव्या अंगाला बांधलेलं असे, म्हणून जहाजाची उजवी बाजू ती स्टारबोर्ड, म्हणजे स्टीअर करण्याची बाजू. आपला 'कर्ण'ही कानासारखा बाजूलाच असणार, असं मला फार दिवस वाटतं.

पण मला खरा आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. सुकाणू नावेच्या मागे असतं! कृष्णेवर होड्यांच्या शर्यती पाहा. नाव डावीकडे वळवायची तर मागचा माणूस तिची शेपूट उजवीकडे ढकलतो. मोटारीत मात्र पुढची चाकं वळतात, आणि मागची नुसती फरफटत येतात. हे बैलगाडीसारखं झालं. कासरा ओढला की बैल वळतात, गाडी त्यांच्या मागून येते. म्हणून साध्या मोटारीच्या स्टीअरिंगला सुकाणू म्हणणं मला नेहमी खटकत आलंय. तो कासराच आहे.

आता चारही चाकं वळणारी गाडी घ्या. हळू चालताना पुढची चाकं डावीकडे वळली की मागची उजवीकडे वळतात. शेपूट बाहेर फेकली जाते, हुबेहूब नावेसारखी. गाडी थोडक्या जागेत वळते. २०२० साली आलेल्या मर्सिडीज एस-क्लासमध्ये मागची चाकं १० अंशांपर्यंत वळण्याची सोय मिळते. त्यामुळे गाडीचं फिरण्याचं वर्तुळ २ मीटरपर्यंत कमी होतं. गणपती पेठेत गाडी वळवताना घाम गाळलेल्या माणसाला २ मीटर म्हणजे काय ते सांगायला नको. वेग वाढला की मागची चाकं पुढच्यांच्याच दिशेला किंचित कलतात. मग लेन बदलताना शेपूट हेलकावत नाही, गाडी तिरकी सरकल्यासारखी जाते. इथे नावेची उपमा सुटते, हे कबूल.

आज कोणत्या वेगाला किती वळायचं हे संगणक ठरवतो, आणि मागच्या एक्सलवरची विजेची मोटर चाकं वळवते. १९८७ च्या होंडा प्रेल्यूडमध्ये हे पुढून मागे गेलेल्या एका दांड्यानं साधलं होतं. स्टेरिंग थोडं फिरवलं की मागची चाकं पुढच्यांच्या दिशेला, जास्त फिरवलं की उलट. भरधाव गाडीत कुणी स्टेरिंग गरगर फिरवत नाही, एवढ्या साध्या निरीक्षणावर ती रचना उभी होती.

तेव्हा अशा गाडीत पुढे कासरा आणि मागे सुकाणू, अशी वाटणी करावी असं माझं ठाम मत आहे. निखळ सुकाणूच पाहायचं असेल तर कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या गोदामात फोर्कलिफ्ट वळताना पाहा. तिची फक्त मागची चाकं वळतात. तिथे सुकाणू म्हणा, अगदी बिनधास्त म्हणा.