तुमचे प्रश्न, गाडीवाल्याची उत्तरं: पासिंग साडेतीन टनाची, काटा दाखवतो पावणेचार

प्रश्न: दादा नमस्कार. शाळेची जुनी व्हॅन घेतली आणि गावातल्याच सुताराकडून आतून घर करून घेतलं, पलंग, ओटा, लॉफ्ट, मागे दोनशे लिटरची पाण्याची टाकी, वरती सोलर, सगळं. शेगाव करू, लोणार करू, पुढं ताडोबा करू असा बेत आहे. आरसीवर रिकामं वजन २,३५० आणि एकूण वजन, म्हणजे पासिंग, ३,५०० किलो लिहिलंय. निघायच्या आदल्या दिवशी सहज म्हणून जिनिंगच्या काट्यावर गाडी चढवली तर घरचे पाच जण धरून ३,७८० आलं. काटेवाला म्हणे, 'भाऊ हे घर हाये का ट्रक हाये?' मेकॅनिक म्हणतो घाबरायचं काही काम नाही, मागे स्प्रिंगचे दोन पाटे वाढवून देतो. बायको म्हणते आईचा पाटा-वरवंटा आधी खाली काढा, सतरा किलोचा आहे, आणि आई म्हणते पाटा उतरला तर मीबी उतरते. आता काय करू? — एक वाचक, हिंगणघाट तालुका

उत्तर: पहिलं म्हणजे तुम्ही काट्यावर गेलात याबद्दल तुम्हाला सलाम, कारण या सदरात घरगाडीवाल्यांची जेवढी पत्रं येतात त्यातल्या फारच थोड्यांनी गाडी कधी काट्यावर चढवलेली असते, आणि ज्यांनी चढवलेली असते त्यांनी बहुतेक रिकामी चढवलेली असते. रिकाम्या गाडीचा काटा म्हणजे जेवायच्या आधी पोट मोजण्यासारखं. तुम्ही माणसं, पाणी, सामान सगळं धरून केलात ते बरोबर केलंत.

तरीपण एका आकड्यावर काम भागत नाही म्हणून तुम्हाला फोनवर सांगितलं की परत जा आणि तीन काटे करा. आधी फक्त पुढची चाकं प्लॅटफॉर्मवर, मग पूर्ण गाडी, मग पुढची चाकं खाली उतरवून फक्त मागची. कापसाच्या सीझनमध्ये ट्रॅक्टरची लाइन असते तर सकाळी लवकर जायचं आणि काटेवाल्याला आधीच सांगून ठेवायचं की तीन पावत्या पाहिजेत, नाहीतर तो वैतागतो. तुमचे आकडे आले ते असे: पुढचा ॲक्सल १,२७०, मागचा २,५१०. चौथा काटाही तुम्ही केलात, माणसं, पाणी आणि सामान काढून नुसत्या घरगाडीचा, तो आला २,९५०.

आता या आकड्यांत दुखणी तीन आहेत आणि मेकॅनिकला त्यातलं एकही दिसलेलं नाही.

एक, एकूण वजन. मोटार वाहन कायद्याचं कलम ११३ सरळ म्हणतं की आरसीवर जे एकूण वजन लिहिलंय त्याच्या वर भरलेली गाडी रस्त्यावर चालवायची नाही. हे फक्त ट्रकला नाही, कुठल्याही मोटार गाडीला आहे. दंड कलम १९४ मध्ये, २०१९ च्या दुरुस्तीनंतर २०,००० रुपये आणि वर जास्तीच्या प्रत्येक टनाला २,०००, आणि जास्तीचा माल उतरवायचा खर्चही आपलाच, तो उतरल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत. लोक म्हणतात घरगाडी कोण तोलतंय, आणि खरं सांगायचं तर रस्त्यात थांबवून काट्यावर न्यायचं जे कलम ११४ आहे ते मालगाडी आणि ट्रेलरबद्दलच बोलतं, त्यामुळे नाक्यावर तुम्हाला कोणी तोलेल असं मीपण म्हणत नाही. पण ॲक्सिडेंट झाला की मग विमावाल्यापासून सगळे आरसी उघडून बसतात.

दोन, आणि हे कोणालाच माहीत नसतं. त्याच कलमात रिकाम्या वजनाचीपण अट आहे. तुमची आरसी म्हणते २,३५० आणि तुमची रिकामी घरगाडी आहे २,९५०. म्हणजे आत एक माणूस न बसता, पाण्याचा थेंब न भरता तुमची गाडी कागदापेक्षा ६०० किलो जड आहे, कारण पलंग, ओटा, लॉफ्ट हे सामान नाही राहिलं, ते आता गाडीचंच अंग झालं. कलम ५२ प्रमाणे असा बदल आरटीओला दाखवून आरसीवर चढवावा लागतो. ते करून घ्यावंच लागेल, मी सुतारकाम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं असतं पण तुम्ही पत्र नंतर पाठवलं.

तीन, मागचे टायर. टायरच्या साइडवॉलवर मापाच्या पुढे ११२/११० असं काहीतरी लिहिलेलं असतं, तुमच्या टायरवर तेच आहे. पहिला आकडा एकेरी चाकासाठी, दुसरा जोडचाकासाठी. ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो. मागे दोन टायर, म्हणजे २,२४०. आणि तुमच्या मागच्या ॲक्सलवर आहे २,५१०. बस, इथंच पाट्यांची गोष्ट संपते. मेकॅनिकनं दोन नाही चार पाटे घातले तरी गाडी मागून उंच दिसेल, बसणार नाही, आणि टायरला जेवढं झेलायचं तेवढंच झेलावं लागेल. पाटे वाढवून ना टायरचा आकडा वाढतो, ना ब्रेक वाढतात, ना आरसीवरची पासिंग वाढते. उलट गाडी बसलेली दिसत होती ती खूणच निघून जाते.

टायरचं मी अनुभवानं बोलतोय. मार्च महिना होता, वरुडकडं मेहुण्याकडून मृग बहाराची संत्री आणायला गेलो होतो, माझी गाडी जाताना पासिंगच्या आत होती, मी काटा करून निघालो होतो, मोठा शहाणा. येताना मेहुण्यानं आठ कॅरेट मागच्या डिकीत टाकून दिले, एका कॅरेटला वीस-बावीस किलो, वर तुरीच्या डाळीचं पोतं. मी म्हटलं जाऊ दे, घरचंच आहे. मोर्शीच्या पुढं मागचा डावा टायर असा फुटला की बाजूच्या शेतातली माणसं बांधावर येऊन उभी राहिली. टायर जास्त वजनानं फुटत नाही, तापून फुटतो. वजनानं साइडवॉल प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, दबून-उठून गरम होते, आतले थर सुटतात, आणि विदर्भातल्या रस्त्यावर खालून तवा आहेच. त्यात मी आपल्याकडची एक फार पसरलेली चूक केली होती, उन्हाळा म्हणून हवा पाच पौंड कमी ठेवली होती. असं करू नका. हवा सकाळी गार टायरमध्ये, कंपनीनं भरलेल्या गाडीसाठी जेवढी सांगितली तेवढी, आणि रस्त्यात गरम टायरची हवा वाढलेली दिसली तर ती सोडायची नाही.

आता मागच्या ॲक्सलवर एवढं आलं कुठून? टाकी. तुम्ही टाकी मागच्या चाकाच्याही मागं, बंपरजवळ बसवलीय. मागची-पुढची चाकं ३.३५ मीटरवर आणि टाकी मागच्या ॲक्सलपासून १.२ मीटर मागं, असं तुम्ही मापून सांगितलं. लहानपणी बैलगाडीवर खेळलात ना, मागच्या टोकाला पोट्टं बसलं की पुढची जू वर उठते, तेच. दोनशे लिटर म्हणजे दोनशे किलो पाणी, पण मागच्या ॲक्सलवर पडतं २७० च्या वर, कारण ते पुढची चाकं ७० किलोनं उचलतं. म्हणून तुम्ही पत्रात शेवटी जे लिहिलं होतं की स्टिअरिंग हलकं-हलकं लागतं, त्यात खुश होण्यासारखं काही नाही. तीच टाकी दोन्ही चाकांच्या मध्ये, मागच्या ॲक्सलच्या मीटरभर पुढं आणली तर मागं १४० पडतील आणि पुढं ६०.

आणि मुळात दोनशे कशाला? हिंगणघाटहून शेगावला जाताना वाटेत पाणी मिळत नाही असं आहे का काही? पन्नास लिटर भरून निघा, मुक्कामाला पोचलं की भरा. दीडशे किलो तिथंच गेले.

बाकी तुमच्या यादीतलं. ओट्यावर ग्रॅनाइट बसवलंय आठ स्क्वेअर फूट, एका फुटाला साडेचार किलो धरा, छत्तीस किलो दगड घेऊन कशाला फिरायचं, तिथं पत्रा किंवा पातळ लॅमिनेट लावा. इन्व्हर्टरच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या पलंगाखाली अगदी मागं, एकीला पंचावन्न किलो, म्हणजे एकशे दहा. तेवढंच काम करणारी लिथियम पंचवीस किलोच्या आत येते, महाग आहे पण इथं पैसे टाकायला हरकत नाही, आणि ती पुढं सीटखाली ठेवा. घरचा मोठा सिलिंडर भरलेला तीसच्या आसपास जातो, पाच किलोवाला घ्या. डाळीचं पन्नास किलोचं पोतं तीर्थयात्रेला न्यायचं कारण मला काही समजलं नाही, ते घरीच राहू द्या. एवढ्यातच सव्वातीनशेच्या वर निघतात आणि गाडी ३,४५० च्या आसपास येते. पण पन्नास किलो म्हणजे काही मोकळीक नाही, एक पाहुणा चढला की संपली. म्हणून पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी असताना लॉफ्ट उघडा. सुतारानं घरच्या कपाटासारखा अठरा एमएमचा प्लाय वापरलाय, एक आठ बाय चार शीट पस्तीस किलो आणि त्याच्या वर. लॉफ्टला ॲल्युमिनियमचा सांगाडा आणि सहा एमएम प्लाय पुरतो, शंभर-सव्वाशे किलो सहज निघतील आणि तेही वरून निघतील, वळणावर गाडी डोलते ते कमी होईल. सुताराला राग येईल, येऊ द्या. हे लॉफ्टचं काम करूनच आरटीओत जा, म्हणजे रिकामं वजन कमीत कमी चढेल, दोनदा कागद करावे लागणार नाहीत.

बदल झाले की परत भरून तीन काटे. मी इथं कागदावर मागचा ॲक्सल टायरच्या आकड्याच्या आत आणून दाखवला तरी काटा काय म्हणतो तेच खरं.

आणि आईचा पाटा राहू द्या. सतरा किलोसाठी घरात भांडण नको. फक्त मागच्या डिकीतून काढून मधल्या दारापाशी खाली, पट्ट्यानं बांधून ठेवा, ब्रेक मारल्यावर सुटला तर पायावर यायचा.

प्रश्न: माझ्याकडं कारचं लायसन आहे. मोठी घरगाडी घेतली तर हेवी काढावं लागेल का? — एक वाचक, आर्णी

उत्तर: आरसीवरचं एकूण वजन बघा. ७,५०० किलोपर्यंत ती हलकी मोटार गाडी, तुमचं एलएमव्ही चालतं. त्याच्या वर गेली की नाही. भरताना किती भरता यावर हे ठरत नाही, कागदावरच्या आकड्यावर ठरतं.

प्रश्न: चिखलदऱ्याहून परतवाड्याकडं उतरताना ब्रेकचा वास येतो आणि पायाखाली पॅडल नरम होतं. गाडी पासिंगच्या आत आहे, काटा केलाय. मग काहून? — एक वाचिका, अचलपूर

उत्तर: ताई, काटा केला ते चांगलंच, पण पासिंगच्या आत असली तरी तुमची घरगाडी कायम जवळपास भरलेलीच असते, कारण घर काही खाली उतरत नाही. कार रिकामी फिरते, ही नाही. त्यामुळे उतारावर कारसारखं चौथ्या गिअरमध्ये ब्रेक धरून यायचं नाही, ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, दुसरा म्हणजे दुसरा, इंजिन गुरगुरलं तरी चालेल. ब्रेक दाबून धरू नका, मारायचा आणि सोडायचा. वास आला की रुंद जागा बघून अर्धा तास थांबा, गाडी गिअरमध्ये टाका, चाकाखाली दगड लावा, आणि तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका. खाली आल्यावर ब्रेक ऑइल बदलून घ्या, जुनं ऑइल पाणी धरतं आणि तापलं की त्याची वाफ होते, पॅडल नरम पडतं ते त्यानंच. आणि वरतीच पाण्याची टाकी रिकामी करून उतरा, झाडांना घाला.