यूजीए दिसला म्हणजे प्रथिन संपलेच असे नाही

पुणे

प्रिय विद्यार्थिमित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुठेच्या गाळातून वेगळ्या केलेल्या क्लॉस्ट्रिडियम या जीवाणूविषयीचे तुझे टिपण काळजीपूर्वक वाचले. ‘जनुकांच्या यादीत सेलेनोप्रथिन (सेलेनियम असलेले प्रथिन) आढळत नाही, त्याअर्थी हा जीवाणू सेलेनियम वापरत नाही,’ हे वाक्य तूर्त काढून ठेव. यूजीए हा कोडॉन, म्हणजे एरवी ‘येथे थांब’ असे सांगणारा तीन अक्षरी सांकेतिक शब्द, दिसला की यादी करणारी बहुतेक सॉफ्टवेअर प्रथिन तेथेच संपले असे धरतात. सेलेनोसिस्टीन हे सेलेनियमयुक्त अमिनो आम्ल मात्र नेमके त्याच कोडॉनवर बसते. ई. कोलाय या जीवाणूच्या फॉर्मेट डिहायड्रोजिनेज नावाच्या एका विकरात ते १४० व्या जागी असते आणि त्यापुढे आणखी ५७५ अमिनो आम्ले असतात. म्युनिकमधील ऑगस्ट बॉक यांच्या गटाने १९८६ मध्ये याच जनुकातला यूजीए वाचला जातो हे दाखवून दिले. असे एक जनुक मी स्वतः ‘खंडित’ म्हणून बाजूला सारले होते. तुझ्याकडून तसे होऊ नये, ही कळकळ आहे.

आधी यूजीएवर सेलेनोसिस्टीन बसवणारी यंत्रणा शोध: सेल-ए, सेल-बी, सेल-सी आणि सेल-डी ही जनुके. सेल-डी एकटेच सापडले तर तेवढ्यावर विसंबू नकोस, कारण त्यापासून बनणारे सेलेनोफॉस्फेट काही जीवाणू केवळ टी-आरएनएमधील (अमिनो आम्ले वाहून आणणाऱ्या आरएनएमधील) युरिडीन या घटकावर सेलेनियम चढवण्यासाठी वापरतात.

उत्क्रांतीचा खरा पेच यापुढे आहे. यूजीएचे यूजीसी किंवा यूजीयू व्हायला एकच अक्षर बदलावे लागते आणि सेलेनोसिस्टीनच्या जागी सिस्टीन हे सेलेनियमविरहित अमिनो आम्ल येते. वर सांगितलेल्या विकराचा वेग तसे केल्यास शंभरपटींहून अधिक घसरतो, पण सेलेनियमवाचून भागते. उलट प्रवास फार अवघड, कारण यूजीएच्या लगेच पुढे संदेशवाहक आरएनएला हेअरपिनसारखी घडी पडावी लागते, ती सेल-बीपासून बनणाऱ्या प्रथिनाने ओळखावी लागते, आणि जीवाणूंमध्ये ही घडी प्रथिनाच्या मजकुरातच असल्यामुळे तेथील अक्षरांवर दुहेरी जबाबदारी येते. (आपल्या पेशींत ती मजकुरानंतरच्या भागात असते.) शेवटचे सेलेनोप्रथिन गेले की सेल-ए आणि सेल-बी टिकवून धरणारे काही उरत नाही. म्हणून एखाद्या शाखेतला अभाव हा मुळचा नसून नंतरचा लोप असू शकतो, आणि एकट्या शाखेतले अस्तित्व दुसऱ्या जीवाणूकडून आलेले असू शकते. सेल-एचा वंशवृक्ष १६एस आरएनएच्या (जीवाणूंचे नाते ठरवण्यासाठी वापरतात त्या आरएनएच्या) वृक्षाशेजारी ठेवल्याशिवाय यांतले काहीही ठामपणे लिहू नकोस.

जीवाणू वाढवण्याच्या माध्यमात सेलेनाइट (सेलेनियमचा क्षार) घातले होते का, हे टिपणात कोठेच नाही, ते नोंदव. संशयित यूजीएनंतरची पन्नासएक अक्षरे मला पाठव, घडी पडते का ते आपण आधी कागदावर मांडून पाहू.

कळावे,
तुझा शुभचिंतक